अंगण थंड, अंगण तापलेलं: देशोदेशींच्या परिवहन आणि ऊर्जा मंत्र्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

विजेच्या मोटारींवरची कोणतीही परिषद असो, पहिल्या दहा मिनिटांत नॉर्वेचं नाव येतंच. २०२४ साली त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. हा आकडा पडद्यावर झळकला की तुमच्यातले काही जण म्हणतात, आम्हीही तिथवर पोहोचू. उरलेले म्हणतात, त्यांचं निराळं आहे हो. त्यांच्याकडे धबधबे आहेत, तेलाचा पैसा आहे, माणसं जेमतेम ५५ लाख. मग हवामानाचा विषय निघतो. थंड देशांचे मंत्री सांगतात, आमच्याकडे बॅटरी गारठते. उष्ण देशांचे सांगतात, आमच्याकडे ती भाजून निघते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! इथलं अंगण कधी थंड असतं आणि कधी तापलेलं, इतकंच.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तुलना करताना तुम्ही शेजारी ठेवता ते देशच चुकीचे असतात. नॉर्वेशेजारी एखादा उष्ण, गरीब, कोळशावर चालणारा देश ठेवला तर दहा गोष्टी एकदम बदललेल्या असतात आणि त्यातली कोणती कारणीभूत ठरली हे कळायला मार्ग उरत नाही. मग ज्याला जी सोयीची वाटते ती तो उचलतो. बहुतेक बाबी सारख्या आणि एखादीच वेगळी, अशा जोड्या शोधल्या तर चित्र बरंच स्पष्ट होतं. अशा जोड्या आहेत, आणि त्यांतून दिसतं ते तुम्हाला फारसं आवडणार नाही. गाडी किती चालेल आणि तिच्यामुळे हवा किती स्वच्छ होईल, यात हवामानाचा आणि ऊर्जासाधनांचा हात मोठा आहे. पण लोक ती घेतील की नाही, हे मुख्यतः तुमच्या टेबलावरच्या करांच्या तक्त्यात ठरतं.

थंडीपासून सुरुवात करते, कारण त्या तक्रारीत तथ्य आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच विजेच्या मोटारी तपासल्या. उणे ७ अंश सेल्सियसच्या आसपास, हीटर चालू ठेवून, त्यांचा पल्ला, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर कापता येणारं अंतर, सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. ३५ अंशांत एसी चालू ठेवून घट भरली १७ टक्के. हिशेब सोपा आहे. गाडीच्या आत २२ अंश ठेवायचे तर त्या थंडीत २९ अंशांची दरी भरून काढावी लागते आणि त्या उन्हात १३ अंशांची. शिवाय पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं; हिवाळ्यात त्यातलीच थोडी आत वळवली की ऊब फुकट मिळते. विजेच्या मोटारीत वाया जाणारी उष्णताच फारशी नसते, म्हणून उबेचा खर्च बॅटरीवर पडतो. त्यात भर म्हणजे थंड सेलमध्ये लिथियमचे आयन मंदावतात. अशा वेळी जोरात चार्ज केलं तर धातूचा थर साचून सेल बिघडतो, म्हणून गाडीची यंत्रणा आपण होऊन चार्जिंगचा वेग कमी करते.

म्हणजे निसर्गावरच सोपवायचं ठरलं तर रोजच्या वापरात ही गाडी उष्ण देशाला अधिक मानवावी. जगाच्या तक्त्यात मात्र वरच्या जागा वर्षानुवर्षं उत्तर युरोपातले नॉर्डिक देश अडवून बसले आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा उणे १८ च्या खाली गेला आणि सार्वजनिक चार्जरपुढे अडकलेल्या गाड्यांच्या रांगांची छायाचित्रं जगभर फिरली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नॉर्डिक देशांतही कडाक्याची थंडी पडली होती, पण तिथून तशा रांगांच्या बातम्या आल्या नाहीत. नॉर्वेत बहुसंख्य लोक स्वतःच्या घराशी गाडी लावतात आणि रात्री तिथेच चार्ज करतात. घरं विजेवर उबदार ठेवायची सवय जुनी, त्यामुळे घरातल्या वायरिंगला तो भार जड जात नाही. सकाळी निघण्याआधी गाडी आणि बॅटरी दोन्ही भिंतीतल्या विजेवर तापवून घेतात, पल्ल्यातून काही जात नाही. याउलट शिकागोत अडकलेले बरेच जण सार्वजनिक चार्जरवरच अवलंबून होते आणि गारठलेली बॅटरी घेऊन तिथे पोहोचले होते. थंडी दोन्हीकडे होती; घरचं सॉकेट एकीकडेच होतं.

हे उदाहरण पुरेसं नाही, कारण अमेरिका आणि नॉर्वे यांच्यात इतर फरक पुष्कळ आहेत. म्हणून कॅनडाकडे या. तिथे क्वेबेक आणि मॅनिटोबा हे दोन प्रांत आहेत. दोन्हीकडे हिवाळा जीवघेणा, दोन्हीकडची वीज जवळजवळ पूर्णपणे पाण्यापासून तयार होणारी, दोन्हीकडचं वीजमंडळ प्रांताच्या मालकीचं आणि वीज स्वस्त. मॅनिटोबातल्या विनिपेगचा जानेवारी क्वेबेकमधल्या माँट्रियलपेक्षा कडक असतो, हे मान्य. पण मॅनिटोबाकडे एक गोष्ट आयती होती. पेट्रोल इंजिन रात्रभर गोठू नये म्हणून त्याला लावायच्या हीटरसाठी तिथल्या घरांसमोर आणि वाहनतळांवर पिढ्यान्‌पिढ्या विजेची सॉकेट बसवलेली आहेत. सावकाश का होईना, रात्रभरात रोजच्या फेरीपुरतं चार्जिंग त्यावर होऊ शकतं. इतकं असूनही विजेच्या गाड्यांत क्वेबेक देशात आघाडीवर गेला आणि मॅनिटोबा बराच मागे राहिला. क्वेबेकने एका गाडीमागे ८,००० कॅनेडियन डॉलरपर्यंत अनुदान दिलं होतं आणि २०१६ मध्ये कायदा करून कंपन्यांना ठरावीक प्रमाणात अशा गाड्या विकणं बंधनकारक केलं होतं. मॅनिटोबाने स्वतःची सवलत सुरू केली ती २०२४ मध्ये. पुढे क्वेबेकने निधी संपत आल्यावर फेब्रुवारी आणि मार्च २०२५ असे दोन महिने अनुदान थांबवलं, तेव्हा विक्री गडगडली. नद्या तशाच वाहत होत्या आणि हिवाळाही नेहमीचाच होता.

आता उन्हाकडे. इथे तक्रार पल्ल्याची कमी आणि बॅटरीच्या आयुष्याची जास्त असते. तीही खोटी नाही. उष्णतेत सेलमधल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि बॅटरी वयाआधी म्हातारी होते. पूर्ण चार्ज करून उन्हात उभी ठेवलेली गाडी सर्वांत जास्त सोसते. २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या निसान लीफच्या मालकांना दोन उन्हाळ्यांतच बॅटरीची क्षमता घटल्याचं दिसू लागलं. त्या गाडीतली बॅटरी थंड करायला पंप, द्रव वगैरे काही नव्हतं, वाऱ्यावर सोडलेली होती म्हणा ना. त्या प्रकरणातून मोटार उद्योग बरंच शिकला. द्रवाने थंड होणारी बॅटरी आज सर्रास मिळते आणि लोह-फॉस्फेटच्या सेलना उष्णता तुलनेने बरी सोसते. उन्हाचा प्रश्न अभियंत्यांनी पूर्ण मिटवला असं मी म्हणणार नाही, पण तो आता मंत्रिमंडळाने ढाल म्हणून वापरण्याइतका मोठा राहिलेला नाही.

उष्ण देशांसाठी नॉर्वेची खरी जोडी आहे कुवेत. ऐकायला विचित्र वाटेल. पण पाहा: दोघेही तेल निर्यात करणारे, दोघांची लोकसंख्या ५० लाखांच्या आगेमागे, दोघेही श्रीमंत आणि दोघांकडेही तेलाच्या उत्पन्नातून उभारलेला सार्वभौम निधी, म्हणजे सरकारी गुंतवणुकीचा साठा आहे. कुवेतने आपल्या निधीची सुरुवात १९५३ मध्ये केली, नॉर्वेच्या कितीतरी आधी. म्हणजे ‘त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे’ हे कारण देणाऱ्यांना कुवेतमध्येही विजेच्या गाड्यांची रीघ दिसायला हवी. ती नाही. हवामानाचा फरक आहेच. कुवेतमधल्या मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते मान्य केलं आहे. पण मोठा फरक पेट्रोल पंपावर आहे. नॉर्वे स्वतः तेल उपसतो आणि तरी आपल्या नागरिकांना युरोपातल्या सर्वांत महागांपैकी एका दराने पेट्रोल विकतो. कुवेत जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी एका दराने. स्वस्त पेट्रोल असलेल्या देशात विजेची गाडी घेऊन वाचतं काय? उलट कुवेतची वीज तेल आणि वायू जाळूनच तयार होते आणि उन्हाळ्यात एसींच्या मागणीपुढे ती पुरत नाही. २०२४ च्या जूनमध्ये तिथे पाळीपाळीने वीज बंद करावी लागली होती.

नॉर्वेची बाजू घेतली म्हणून त्याला हार घालायचा नाही. स्वतःच्या रस्त्यांवरून पेट्रोल हद्दपार करायचं आणि समुद्रातून उपसलेलं तेल जगाला विकत राहायचं, यावर ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणणारे तिथेही आहेत. पण सवलतींचा त्यांचा इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे. त्यात भव्य राष्ट्रीय संकल्प वगैरे सुरुवातीला नव्हताच. १९८९ मध्ये पर्यावरण कार्यकर्ते फ्रेडरिक हाउगे आणि ‘आ-हा’ या बँडचा गायक मॉर्टन हार्केट यांनी विजेवर चालणारी करून घेतलेली एक फियाट पांडा देशात आणली आणि टोल न भरता नाक्यांवरून हाकायला सुरुवात केली. दंड झाले, ते भरले नाहीत, गाडी जप्त झाली, लिलावात त्यांनीच ती परत घेतली, पुन्हा तोच खेळ. १९९० मध्ये नोंदणीचा कर माफ झाला, १९९७ मध्ये टोल, २००१ मध्ये मूल्यवर्धित कर. त्या वेळी रस्त्यावर अशा गाड्या नगण्य होत्या, त्यामुळे माफीचा खजिन्यावर भारही नगण्य होता. देशातल्याच ‘थिंक’ नावाच्या छोट्या गाडीला हात मिळावा हाही हेतू त्यात होता. ती कंपनी २०११ मध्ये बुडाली, सवलती राहिल्या. नंतर चांगल्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा पेट्रोलगाडीवर वजन आणि धुराप्रमाणे भरभक्कम कर आणि विजेच्या गाडीवर शून्य, अशी मांडणी आधीच तयार होती. नव्या मोटारी शंभर टक्के प्रदूषणमुक्त करण्याचं २०२५ चं उद्दिष्ट संसदेने ठरवलं ते त्यानंतर, २०१७ मध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत विजेच्या मोटारी पेट्रोल मोटारींहून अधिक झाल्या, पण तेव्हाही सर्वांत जास्त डिझेलच होत्या. पहिल्या माफीला चौतीस वर्षं होऊन गेल्यानंतरची ही स्थिती. पाच वर्षांत चित्र पालटू म्हणणाऱ्यांनी हा काळ ध्यानात घ्यावा.

आणि सवलती काढून घेतल्या तर? याचं उत्तर द्यायला दुसरा देशही लागत नाही, आइसलँडची लागोपाठची दोन वर्षं पुरतात. तिथली वीज जवळजवळ पूर्णपणे जलविद्युत आणि भूऔष्णिक. २०२३ मध्ये नव्या मोटारींत बॅटरीवरच्या गाड्या निम्म्याच्या घरात होत्या. वर्षअखेरीस मूल्यवर्धित करातली सूट संपली आणि जानेवारी २०२४ पासून विजेच्या गाडीला दर किलोमीटरला ६ क्रोना आकार लागू झाला. विक्रीतला वाटा त्या वर्षी झपाट्याने खाली आला. ज्वालामुखींनी काही संप केला नव्हता. न्यूझीलंडनेही अनुदान बंद करण्यासाठी तीच वर्षअखेर निवडली, परिणामही तोच. जर्मनीने तर डिसेंबर २०२३ मध्ये जेमतेम दोन दिवसांच्या सूचनेवर अनुदान थांबवलं आणि पुढच्या वर्षी विक्री २७ टक्क्यांनी घटली. डेन्मार्कने हे सगळं आधीच भोगलं होतं: २०१५ मध्ये चार हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या, २०१६ पासून नोंदणी कर टप्प्याटप्प्याने लावायला घेतल्यावर २०१७ मध्ये हजारही नाहीत. डेन्मार्क नंतर सावरला, कारण त्याने तो निर्णय फिरवला. २०२४ मध्ये तिथे निम्म्याहून अधिक नव्या मोटारी विजेच्या होत्या.

आता पाण्याकडे येते, कारण ‘त्यांच्याकडे जलविद्युत आहे’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं आणि सर्वांत कमी तपासलं जातं.

पॅराग्वे आणि नेपाळ ही जोडी घ्या. दोन्ही देशांना समुद्रकिनारा नाही. दोघांचीही वीज जवळजवळ सगळी पाण्याची. दोघांकडेही स्वतःचं तेल नाही, थेंबन्‌थेंब बाहेरून येतो. पॅराग्वे तर विजेत न्हालेला आहे; ब्राझीलबरोबर भागीदारीत बांधलेल्या इताइपू धरणाची क्षमता १४,००० मेगावॅट, आणि आपल्या वाट्याची न लागणारी वीज तो ब्राझीललाच विकतो. विजेच्या मोटारींचा देश व्हायला याहून चांगली कुंडली कुणाची असणार? तरी तिथे त्या अजून तुरळकच दिसतात. चिलीच्या इकिके बंदरातून येणाऱ्या वापरलेल्या जपानी गाड्या स्वस्त, गाड्यांवरचे कर त्या भागातल्या मानाने कमी, आणि इंधनाचा पुरवठा कुणी एका रात्रीत तोडल्याचा अनुभव नाही.

नेपाळला तो अनुभव आहे. २०१५ च्या सप्टेंबरपासून काही महिने सीमेवरची वाहतूक अडली आणि पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, सगळ्यासाठी रांगा लागल्या. त्या आधीची कित्येक वर्षं हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन होतं, म्हणजे तेव्हा विजेची गाडी सुचवणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पुढे भारनियमन संपलं, २०२१ मध्ये ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला आणि पावसाळ्यात वीज उरू लागली. पण नुसत्या उरलेल्या विजेने गाड्या आल्या नाहीत, हे नेपाळनेच सिद्ध करून दाखवलं. २०२० च्या अर्थसंकल्पात विजेच्या गाड्यांवरचे कर एकदम वाढवले, आयात आटली. २०२१ मध्ये ते पुन्हा कमी केले, आयात उसळली. पेट्रोलगाडीवर मात्र मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक कर तसेच राहिले. त्यात चिनी कंपन्यांच्या परवडणाऱ्या गाड्या आल्या, महामार्गांवरच्या हॉटेलांनी जेवणाऱ्या प्रवाशांसाठी चार्जर बसवले, आणि बघता बघता नव्या चारचाकी प्रवासी वाहनांपैकी चारात तीन विजेची झाली. दरडोई उत्पन्नात नॉर्वेच्या आसपासही नसलेल्या देशात! त्यामुळे ‘श्रीमंतांचं खेळणं’ हा मुद्दाही आता जपून वापरलेला बरा.

सगळ्याचं सोंग आणता येतं, पैशाचं आणता येत नाही, आणि परकीय चलनाचं तर नाहीच नाही. इथिओपियाने हे सर्वांत रोखठोकपणे मान्य केलं. इंधनाच्या आयातीवर वर्षाला अब्जावधी डॉलर जात होते, गंगाजळी आटत होती, आणि वीज तर जवळजवळ सगळी पाण्याची. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं की पेट्रोल-डिझेलच्या खाजगी मोटारी यापुढे देशात आणता येणार नाहीत. जगात असं करणारा तो पहिला देश. संपूर्ण तयार गाडीवर १५ टक्के शुल्क, अर्धवट जुळवलेल्या भागांवर ५ टक्के आणि सुट्या भागांवर शून्य, म्हणजे जोडणी तरी देशात व्हावी. सप्टेंबर २०२५ मध्ये नील नदीवरच्या ५,१५० मेगावॅटच्या धरणाचं उद्घाटन झालं.

इथिओपियाचं कौतुक करताना मला एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकते. त्या देशात जवळपास निम्म्या लोकांच्या घरी वीज नाही. चार्जर मुख्यतः राजधानीत. एक मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर चालली आणि १०० किलोमीटरला २० युनिट लागले तर २,४०० युनिट होतात; विजेचा एकही दिवा न पाहिलेल्या कुटुंबांच्या देशात हा आकडा मोठा आहे. चलन वाचतं हे खरं, पण ते वाचवण्याचं काम प्रथम बसगाड्यांनी केलं असतं तर फायदा जास्त लोकांपर्यंत गेला असता. तोच हिशेब नॉर्वेला लावून पाहा: २८ लाख मोटारी, प्रत्येकी २,४०० युनिट, म्हणजे ६७२ कोटी युनिट, देशाचं वार्षिक उत्पादन साधारण १५,००० कोटी युनिट. साडेचार टक्क्यांत सगळा देश फिरतो.

आणि पाणी म्हटलं की सगळं पाणी सारखं नसतं. युरोपात जलाशयांमध्ये जेवढी ऊर्जा साठवता येते, तिच्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या नॉर्वेत आहे. उन्हाळ्यात वितळलेला बर्फ तिथे हिवाळ्यासाठी राखून ठेवता येतो. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या नदीवरचे, मोठा साठा जवळजवळ नाही. पावसाळ्यात नद्या फुगतात तेव्हा वीज वाया जाते आणि हिवाळ्यात त्या आटल्या की भारतातून वीज घ्यावी लागते, जी मुख्यतः कोळशाची असते. काठमांडूतली गाडी जुलैत पाण्यावर धावते आणि फेब्रुवारीत काही अंशी कोळशावर. झांबियाची कथा याहून करुण आहे: २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण आटलं आणि काही ठिकाणी दिवसाला वीसेक तास अंधार होता. जलविद्युतीच्या भरवशावर वाहनधोरण आखणाऱ्यांनी वार्षिक सरासरी बाजूला ठेवून सर्वांत कोरड्या महिन्याचा आकडा पाहावा. हवामान खरोखर घुसतं ते इथे, धरणाच्या तळाशी. बॅटरीतला त्याचा हात त्यामानाने छोटा आहे.

कोळशाच्या देशांबद्दल थोडक्यात. विजेची गाडी तिथे निरुपयोगी, हे म्हणणं हिशेबात टिकत नाही. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून मोडीत निघेपर्यंतचं उत्सर्जन मोजलं. मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीचं उत्सर्जन पेट्रोलगाडीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, चीनमध्ये ३७ ते ४५ टक्के कमी, भारतात १९ ते ३४ टक्के कमी. फायदा आहे, पण लहान आहे, आणि वीज सुधारली तरच वाढणार आहे. दक्षिण आफ्रिकेत कोळशाचं कारण अनेकदा पुढे केलं जातं. तिथे युरोपातून येणाऱ्या पेट्रोलगाडीवर १८ टक्के आयात शुल्क आणि विजेच्या गाडीवर २५ टक्के आहे, याची आठवण मग कुणीतरी करून द्यायला हवी.

चीन या सगळ्यात अवघड जागी बसतो. निम्म्याहून अधिक वीज कोळशाची, तरी २०२४ मध्ये नव्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या प्लग लावून चार्ज होणाऱ्या. लागणाऱ्या तेलापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक बाहेरून आणावं लागतं ही एक चिंता, आणि इंजिनाच्या शर्यतीत जर्मनी-जपानला गाठण्याऐवजी नवीच शर्यत सुरू करावी हा दुसरा हिशेब. शांघायमध्ये पेट्रोलगाडीची नंबरप्लेट लिलावात महागात घ्यावी लागायची आणि विजेच्या गाडीची फुकट, यावरून ओळखा. पण माझ्या म्हणण्याला छेद देणारी गोष्टही चीनमध्येच आहे, ती लपवत नाही. उष्ण हैनान बेट देशात सर्वांत पुढे आहे आणि गोठलेले ईशान्येकडचे प्रांत मागे. धोरण बऱ्याच अंशी एकच, तरी थंडीने फरक पडला. त्या प्रांतांत उत्पन्न कमी, घराशी चार्जर लावायची सोय कमी, हेही खरं. पण थंडीचा वाटा शून्य आहे असं मी म्हणणार नाही.

जपान तर कोणत्याच जोडीत बसत नाही. तेल नाही, कोळसा नाही, पैसा आहे, तंत्रज्ञान आहे, हवामान सौम्य. साधनांच्या टंचाईने गाड्या विजेवर जात असत्या तर तो पहिला असता. २०२४ मध्ये तिथे निव्वळ बॅटरीवरच्या मोटारी २ टक्क्यांच्याही आत होत्या. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्यांत गुंतलेल्या उद्योगाला घाई नव्हती आणि सरकारने ती लावली नाही.

मागण्या मोजक्याच आहेत. गाडीच्या लेबलावर छापला जाणारा पल्ला युरोपात साधारण २३ अंशांतल्या चाचणीतून येतो. त्याच्या शेजारी उणे १० आणि ४० अंशांचे आकडे छापणं कंपन्यांना बंधनकारक करा. ग्राहक शहाणे असतात, आकडा दिला तर त्याप्रमाणे गाडी निवडतात. ‘आमची वीज नव्वद टक्के स्वच्छ’ असं सांगताना महिन्यागणिक तक्ता द्या. अनुदानाचा पैसा थोडा असेल तर तो आधी बस, टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांना द्या, म्हणजे दर रुपयामागे, डॉलरमागे जास्त इंधन वाचेल. इमारतींच्या नियमांत प्रत्येक वाहनतळाला सॉकेटची वायरिंग आजच सक्तीची करा, बांधकाम झाल्यावर ती फार महाग पडते.

आणि पेट्रोलवरच्या कराचं उत्पन्न घटणार आहे, हे लोकांना आत्ताच सांगा. रस्ते काही फुकटात दुरुस्त होत नाहीत. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाडीला १,००० किलोमीटरला तिथले ७६ डॉलर लावले, आइसलँडचं वर सांगितलंच. किलोमीटरचा आकार तत्त्वतः योग्य आहे. अनुदान संपण्याच्या मुहूर्तावरच तो लावला तर मात्र बाजार बसतो. नॉर्वेने २०२३ मध्ये ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर सुरू केला, ती मर्यादा २०२६ पासून ३ लाखांवर आणली. २०२३ च्या बदलानंतर विजेच्या गाड्यांचा विक्रीतला वाटा घटला नाही. तेव्हा उद्दिष्टाचं साल ज्या राजपत्रात छापाल त्यातच प्रत्येक सवलत कोणत्या तारखेला किती कमी होणार आणि किलोमीटरचा आकार कधीपासून लागणार, हेही छापा. गाडी दहा-पंधरा वर्षांसाठी घेतली जाते. निदान पुढच्या सात-आठ वर्षांचं वेळापत्रक आधी हातात असावं, ही अपेक्षा जास्त नाही.

उत्तराची वाट पाहते. तारखांसह आलं तर अधिक बरं.

आपली नम्र,
एक नागरिक